पहिल्या आठवड्याचा जोगवा
परदेशी शिकायला गेलेल्या लेकरांचे नवरात्र

आश्विन शुद्ध प्रतिपदेची प्रसन्न सकाळ. माहूरच्या गडावर रेणुकामातेचा घट बसतो आणि त्याच सुमारास नांदेड-लातूरकडील घराघरांच्या देवघरांतही तेच मंगल कार्य आरंभिले जाते. पत्रावळीवर शेतातली काळी माती पसरली जाते, तीत धान पेरले जाते, मधोमध पाण्याने भरलेला घट, त्यावर विड्याची पाने आणि नारळ; वर पहिली माळ चढते आणि नऊ दिवस अखंड तेवणारा नंदादीप उजळतो. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्त्यांनी येणारी माणसे मधोमध वसलेल्या अंबाबाईपुढे हात जोडतात. १९१७ साली उभारलेल्या त्या वर्तुळाकार पेठेची रचनाच अशी, की कोणत्याही वाटेने या, वाट देवीपाशीच पोहोचते.

परंतु अलीकडे अनेक घरांत माळ चढवताना गृहिणीचा हात क्षणभर थबकतो. घरातील एक पाट यंदा रिकामा असतो. त्या पाटावर बसणारा मुलगा अथवा मुलगी सातासमुद्रांपलीकडे विद्यार्जनासाठी गेलेली असते, आणि तेथील तिचा पहिला आठवडा नेमका याच दिवसांत आलेला असतो. माय मनाशी म्हणते, ‘लेकरू तिथे काय खात असेल? कुणात बसत-उठत असेल? आपला कुळाचार त्याच्या हातून राहील का?’ या प्रश्नांचा विचार आम्ही आज नवरात्राच्या निमित्ताने वाचकांसमवेत करू इच्छितो.

पंचांग आणि विद्यापीठाचे कॅलेंडर

हा योग काही केवळ कल्पनेतला नव्हे. ब्रिटनमधील बहुतेक विद्यापीठांचे वर्ष सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते, तर जर्मनीतील विद्यापीठांचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबरपासून धरले जाते. आपली घटस्थापना २०२२ मध्ये २६ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला झाली. म्हणजे इकडे पहिली माळ आणि तिकडे नवागतांच्या स्वागताचा सप्ताह, अशी जोडी वारंवार जुळून येते. अमेरिकेत गेलेल्यांचा हा सप्ताह ऑगस्टात, श्रावणाच्या किंवा गणपतीच्या आसपास पडतो. तथापि मनाची अवस्था सर्वत्र सारखीच.

देशोदेशींच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या भूमीत जाऊन शिकावे, हा विचार आता चांगलाच रुजला आहे. जर्मनीची ‘डाड’ ही विद्यार्थी-विनिमयाची संस्था १९२५ सालची. भारत आणि अमेरिका यांच्यातील फुलब्राइट करार १९५० मधला. युरोपातील ‘इरॅस्मस’ योजना १९८७ मध्ये सुरू झाली आणि २००४ पासून तिचे दार युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीही रुंदावले. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतील मुलामुलींना परदेशी विद्यापीठांच्या पायरीपर्यंत नेते. १७ सप्टेंबर या मराठवाडा मुक्तिदिनी, १९९४ साली, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली तेव्हा नांदेड, लातूर, परभणी आणि आजचा हिंगोली या भागाला आपले विद्यापीठ मिळाले. आता याच भागातील मुले त्याहूनही दूरची विद्यापीठे गाठू लागली आहेत. ही आनंदाचीच गोष्ट होय.

त्या सात दिवसांत काय घडते?

आपल्याकडे महाविद्यालय सुरू होते म्हणजे तास सुरू होतात. तिकडे तासांच्या आधी माणसे जोडण्याचा एक सप्ताह असतो. पहिल्या दिवशी वसतिगृहाच्या खोलीची किल्ली, ओळखपत्र आणि कार्यालयांपुढच्या रांगा. जर्मनीत तर घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगर-कार्यालयात आपल्या पत्त्याची नोंद करावी लागते. त्यानंतर शहराची फेरी, ग्रंथालयाची ओळख, मैदानावरचे खेळ, आसपासच्या डोंगरावरची भटकंती. एका दिवशी विद्यार्थ्यांच्या मंडळांचा मेळा भरतो. नाटक, संगीत, बुद्धिबळ, गिर्यारोहण, निरनिराळे धर्म आणि देश यांच्या मंडळांची टेबले ओळीने मांडलेली असतात, आणि नवागताने त्यांपुढून फिरत आपले नाव नोंदवावयाचे असते. एखाद्या सायंकाळी प्रत्येकाने आपल्या देशाचा एक पदार्थ करून आणावयाचा आणि सर्वांनी मिळून जेवावयाचे, असाही बेत असतो. आणि काही सायंकाळी मंडळी मद्यगृहातही जमतात. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्या घरातून गेलेले मूल या गर्दीत प्रथम गोंधळून जाते. घरी ताट वाढून समोर येत असे. येथे ताट आपण उचलून कुणाच्या तरी टेबलापाशी जावे लागते आणि विचारावे लागते, ‘मी येथे बसू का?’ एवढे चार शब्द. पण ते ओठांवर येत नाहीत. मग मूल खोलीत परतते, बॅगेतला लाडूचा डबा उघडते आणि आईला दूरध्वनीवर सांगते, ‘हो, जेवलो.’ आईचे समाधान होते. वस्तुतः काळजी करण्याजोगी गोष्ट येथूनच सुरू होते.

जोगव्याची शिकवण

वाचकहो, या प्रसंगी आम्हांस आपल्याच घरातील एका आचाराचे स्मरण होते. ज्यांचे कुलदैवत रेणुका अथवा तुळजाभवानी, त्या घरांत मंगळवारी, शुक्रवारी आणि विशेषेकरून नवरात्रात जोगवा मागण्याची रीत आहे. गळ्यात कवड्यांची माळ, हाती परडी, कपाळी मळवट. घरची सवाष्ण पाच दारी जाते आणि देवीच्या नावाने मूठभर पीठ, तांदूळ, मीठ मागते. तिच्या घरी कणगी धान्याने भरलेली असली तरीही ती मागते. गावच्या पाटलिणीलाही त्या दिवशी शेजारच्या साध्या घरापुढे परडी धरावी लागते.

असे का बरे? घरात उणीव आहे म्हणून नव्हे. मनात ताठा आहे म्हणून. मागितल्याखेरीज मान लवत नाही आणि मान लवल्याखेरीज शेजारी आपला होत नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांनी याच जोगव्यावर भारूड रचून त्याला अध्यात्माच्या पातळीवर नेले, हे मराठवाड्याच्या भाविकांस नव्याने सांगावयास नको. मागणारा येथे हीन नसतो आणि देणारा श्रेष्ठ नसतो. दोघेही देवीच्या दारचेच असतात.

परदेशातील पहिला आठवडा म्हणजे आमच्या मते अशा प्रकारचा जोगवाच होय. ‘येथे बसू का’, ‘या पदार्थात मांस आहे का’, ‘ही बस कुठे जाते’, ‘तुझे नाव पुन्हा सांगशील का’ ही सारी परडी पुढे करणेच आहे. ज्याला ती पुढे करता येते त्याची परडी भरते. ज्याला संकोच वाटतो तो भरल्या देशात उपाशी राहतो.

तीन पाहुणे, तीन पंगती

या वाटेने पूर्वी गेलेल्या तीन थोर विद्यार्थ्यांकडे पाहू.

१८८८ च्या सप्टेंबरात मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेस निघाले. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा आईच्या समाधानासाठी त्यांनी बेचरजी स्वामी या जैन साधूंपुढे घेतली होती. ती त्यांनी पाळली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या आत्मकथेतील दुसरी एक कबुली आपण सहसा ध्यानात घेत नाही. बोटीवर कोणत्या पदार्थात मांस नाही हे वाढप्यास विचारण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. म्हणून ते आपल्या खोलीत बसून घरून आणलेली मिठाई आणि फळे यांवरच दिवस काढीत. विलायतेच्या किनाऱ्यावर ते पांढऱ्या फ्लॅनेलच्या कपड्यांत उतरले, तेव्हा तसा पोशाख केलेले ते एकटेच होते. तो दिवस शनिवारचा. दुसऱ्या दिवशी रविवार असल्याने सामान सोमवारपर्यंत हाती येईना. पुढे लंडनमधील बिऱ्हाडी यजमानीणबाईंच्या मुली पावाचा एखादा तुकडा जास्त वाढीत, पण आणखी मागण्याची लाज वाटून ते अर्धपोटी उठत. अखेर पायी हिंडता हिंडता फॅरिंग्डन रस्त्यावर त्यांना शाकाहारी उपाहारगृह सापडले, तेव्हा विलायतेत आल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण त्यांना लाभले. व्रताने त्यांना तारले; उपाशी ठेवले ते संकोचाने. या दोहोंतील भेद प्रत्येक घराने ओळखावा.

त्याआधी पाच वर्षे, ४ जून १८८३ रोजी, आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे अठरा. समुद्र ओलांडणे हेच पाप मानले जाण्याचा तो काळ. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे निर्धाराने सांगितले होते. त्यांना उतरवून घेण्यास बंदरावर आल्या त्या थिओडिशिया कार्पेंटर. दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता एका मासिकात छापलेले गोपाळरावांचे पत्र या बाईंच्या वाचनात आले होते आणि तेवढ्यावरून त्यांनी १८८० मध्ये पत्रव्यवहार सुरू केला होता. कधी तोंडही न पाहिलेल्या त्या स्त्रीस आनंदीबाई मावशी मानीत. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या मावशीच्या घरी त्यांचे अमेरिकेतील पहिले दिवस आणि तो सारा उन्हाळा गेला. लुगडे, कुंकू आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. आणि मावशीनेही तो सोडण्याची अट घातली नाही. यजमानाचे खरे मोठेपण यातच असते.

मात्र ही कथा येथेच थांबवली तर आम्ही वाचकांशी अर्धेच बोललो असे होईल. फिलाडेल्फियाची कडाक्याची थंडी, तिला न पुरणारा पोशाख, अपुरा आहार आणि क्षयरोग यांनी त्या तेजस्वी मुलीचे शरीर पोखरले. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, त्यांनी देह ठेवला. त्यांची रक्षा अमेरिकेत पाठविण्यात आली आणि मावशीने पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा दिली. एका पंगतीत मिळालेले स्थान मरणानंतरही राहिले. परंतु लेकरांवर नियमांचे ओझे घालताना त्यांच्या शरीराचाही विचार करावा, हेही ती रक्षा आपणांस सांगते.

तिसरे विद्यार्थी डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मराठवाड्यात १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभारणारे. १९१३ च्या जुलैत बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रथम हार्टले हॉल या वसतिगृहात आणि नंतर देशोदेशींचे विद्यार्थी एकत्र राहत त्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये त्यांनी बिऱ्हाड केले. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मुभा नव्हती, शिपायाने वरून ओतले तरच ज्याची तहान भागे, त्याला तेथे सर्वांबरोबर बसता, उठता, वाचता, फिरता येऊ लागले. समानतेचा हा अनुभव त्यांना नवा होता, असे चरित्रकार धनंजय कीर नोंदवितात. परक्या देशाने पहिल्याच दिवसांत जे दिले ते आपल्या देशाने का दिले नव्हते? देवीपुढे घट मांडणाऱ्या प्रत्येक घराने हा प्रश्न नवरात्रात एकदा तरी स्वतःस विचारावा, असे आम्हांस वाटते. जोगव्याची परडी पाच दारी न्यावयाची असते. त्या पाचांत कोणती दारे आपण पिढ्यान्‌पिढ्या वगळली, हेही आठवावे.

नांदेडच्या मुलाची शिदोरी

आमच्या नांदेडच्या मुलांजवळ या बाबतीत एक मोठी शिदोरी आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजी गोदावरीकाठी याच नगरीत निजधामास गेले. सचखंड श्री हजूर साहिब हे शीख पंथाच्या पाच तख्तांपैकी एक. तेथील लंगरात राजा-रंक, जात-पात, आपला-परका असा भेद न करता सर्वांनी एका पंगतीत जमिनीवर बसावयाचे असते. २००८ मध्ये गुरुता-गद्दीच्या त्रिशताब्दीस देशविदेशांतून आलेल्या यात्रेकरूंची गर्दी नांदेडकरांनी पाहिली आहे. अमृतसरकडे धावणाऱ्या सचखंड एक्सप्रेसमध्ये वाटेवरची सेवाभावी मंडळी प्रवाशांना लंगर वाढतात, ही गोष्टही येथे सर्वांना ठाऊक आहे.

आज ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, जर्मनी या देशांतील अनेक शहरांत गुरुद्वारे आहेत आणि तेथील लंगरात वरण, भाजी, पोळी असे शाकाहारी अन्न कुणासही मिळते. खिशात मोजके पैसे आणि जिभेवर घरची चव असलेले कितीतरी भारतीय विद्यार्थी आपले पहिले रविवार तेथेच काढतात. तेथे ‘मी नांदेडचा’ असे सांगावे. हजूर साहिबचे नाव तेथे कुणाला परके असणार? अट एकच, की जेवून झाल्यावर भांडी घासण्याच्या सेवेसही बसावे. घेणे आणि देणे दोन्ही एकाच पंगतीत घडते.

आपली मराठी मंडळीही ठिकठिकाणी आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र बांधणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. तेथील सणसमारंभांत मुलांनी अवश्य जावे. मात्र एक सूचना करावीशी वाटते. केवळ आपल्याच माणसांत बसावयाचे असेल तर इतक्या दूर जाण्याचे प्रयोजन काय? एक सायंकाळ मराठी मंडळात, तर दुसरी परक्यांच्या पंगतीत, असा तोल राखावा.

कुळाचार परदेशी कसा सांभाळावा?

आता काही व्यवहाराच्या गोष्टी.

मायमाउलीला वाटते, शेतातली मूठभर माती आणि धानाची पुडी लेकराच्या बॅगेत घालावी. भावना पवित्र, पण परदेशी सरकारे माती आणि पेरणीचे बियाणे योग्य कागदपत्रांवाचून आत येऊ देत नाहीत, कारण त्यांतून पिकांचे रोग पसरतात. ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या देशांत आपल्याकडून दुधाचे पदार्थही नेता येत नाहीत. तेव्हा साजूक तूप, पेढे, खव्याचा प्रसाद घरीच ठेवावा. अंगारा आणि कुंकवाची पुडी द्यावी. घट बसवावयाचाच असेल तर तेथील दुकानातली कुंडीची माती आणि मूठभर गहू पुरे. भूमी कोणतीही असो, अंकुर फुटतो तो देवीच्याच कृपेने.

वसतिगृहाच्या खोलीत दिवा, मेणबत्ती, उदबत्ती लावण्यास बहुधा मनाई असते. जरासा धूर झाला तरी आगीची घंटा वाजते आणि सारी इमारत रिकामी करावी लागते. तेव्हा अखंड दीप आपल्या देवघरात तेवत ठेवावा आणि मुलाने तेथे हात जोडावेत. लातूरच्या घरी सायंकाळी सात वाजता आरती होते, तेव्हा या दिवसांत लंडनला दुपारचे अडीच, जर्मनीत साडेतीन आणि न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. मुलाच्या तासांची वेळ आधी विचारावी. तास असेल त्या दिवशी आरतीसाठी बोलावू नये. विद्या हीही देवीचीच पूजा होय.

नऊ दिवसांचे उपवास, अनवाणी चालण्याचे व्रत यांबाबत घरच्या वडीलधाऱ्यांनीच मोकळीक द्यावी. प्रवासात आणि आजारपणात व्रताला सूट देण्याची रीत आपल्या आजी-पणजींनाही ठाऊक होती. परक्या थंडीत, नव्या पाण्यात, पहिल्याच आठवड्यात मुलाने अन्न सोडावे असे कोणती माता म्हणेल? पहिल्या आणि शेवटच्या माळेचा उपवास पुरेसा आहे. तोही न झेपल्यास मनोभावे नमस्कार पुरे.

आणि ती मद्यगृहातली सायंकाळ? ‘तिकडे पाऊलही टाकू नकोस’ असे बजावले म्हणजे कर्तव्य संपले असे पालकांस वाटते. परंतु मूल खोलीचे दार लावून एकटे बसले, तर ते एकटेपण पेल्याहून अधिक घातक ठरू शकते. तेथे फळांचा रस आणि सरबतही मिळते. ‘मी घेत नाही’ हे साधे वाक्य हसतमुखाने एकदा उच्चारले, की बहुतेक ठिकाणी दुसऱ्यांदा कुणी विचारीत नाही. जो सोबती तरीही आग्रह धरील, तो सोबती बदलावा. नकार देता येणे हाही जोगव्याचाच दुसरा भाग आहे. परडीत काय घ्यावयाचे हे परडी धरणारानेच ठरवावयाचे असते.

आपल्या दारचा परका

इतके सारे सांगितल्यावर एक गोष्ट उरते आणि तीच आमच्या लेखी सर्वांत महत्त्वाची. आपले लेकरू परक्या दारी परडी धरून उभे आहे. पण आपल्या दारी कोण उभे आहे?

‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी करण्यास राज्यभरातून मुले-मुली लातुरात येतात, नांदेडलाही तोच ओघ आहे. सतरा वर्षांचे वय, भाड्याची खोली, खाणावळीचा डबा आणि भिंतीवर टांगलेले वेळापत्रक. त्यांचाही एक पहिला आठवडा असतो. त्यांच्यासाठी मात्र कुणी स्वागताचा सप्ताह योजत नाही, टेबले मांडीत नाही, शहराची फेरी घडवीत नाही. गंजगोलाईतील अंबाबाई कोणत्या रस्त्याने गाठावी हेही कित्येकांना ठाऊक नसते. पहिल्या दिवसापासून तास, सराव-परीक्षा आणि गुण. त्यांची माय दूर कुठल्या खेड्यात घट बसविताना हेच पुटपुटत असते, ‘लेकरू काय खात असेल?’

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-धाराशिवकडील कोणते घर विसरले असेल? अनंत चतुर्दशीच्या रात्री गणरायाला निरोप देऊन झोपी गेलेली किल्लारी-सास्तूर परिसरातील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली; हजारो माणसे गेली. तेव्हा गावोगावचे आणि देशोदेशीचे अनोळखी हात आपल्या दारी धावून आले. कुणी भाकरी आणली, कुणी औषध, कुणी छप्पर. आपण ‘तुम्ही कोण’ असे विचारले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. जगाने आपल्या परडीत त्या दिवशी जे घातले, ते ऋण आपल्यावर आहे.

ते फेडण्याचा मार्ग फार अवघड नाही. अष्टमी-नवमीला आपण कुमारिकांना जेवू घालतो. बहुधा त्या शेजारच्या आणि नात्यातल्या ओळखीच्या मुली असतात. यंदा त्यांत वसतिगृहातली एक अनोळखी मुलगी असावी. पुरणाची पोळी आणि कडाकण्या घरच्यांसाठी करताना चार अधिक कराव्यात आणि गल्लीत खोली करून राहणाऱ्या मुलांना ‘या रे, जेवायला बसा’ अशी हाक द्यावी. जात विचारू नये, गुण तर मुळीच विचारू नयेत. एका परक्या मुलीची मावशी होण्यास अमेरिकेतील त्या बाईंना केवळ एक पत्र पुरे झाले. आपल्याला तर फक्त जिना उतरावयाचा आहे.

सीमोल्लंघन

दहाव्या दिवशी घट उठतो. नऊ दिवसांत वीतभर वाढलेले पिवळसर-हिरवे धान देवाला वाहून कानांत आणि टोपीत खोवले जाते, पाटीवरची सरस्वती पुजली जाते आणि सायंकाळी गावाची शीव ओलांडून मंडळी आपट्याचे सोने घेऊन येतात. सीमोल्लंघनाचा खरा अर्थ शीव ओलांडणे एवढाच नव्हे. पलीकडचे सोने घेऊन परत येणे आणि ते लहानथोरांस वाटणे, हाच त्याचा पूर्ण अर्थ होय. परदेशी गेलेली मुले हेच सीमोल्लंघन करीत आहेत. त्यांनी तेथील विद्या आणावी, तेथील समतेची पंगतही आणावी आणि आपली परडी तेथे रिकामी न ठेवता तीतून थोडे तिकडेही द्यावे.

तोवर घरच्या माउलीस आमची एकच विनंती. आज आरतीनंतर लेकराशी बोलाल तेव्हा ‘जेवलास का’ हे विचाराच. त्यावाचून आईचे मन राहणार नाही. पण त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारा, ‘कुणाबरोबर जेवलास?’ आणि पलीकडून एखादे अनोळखी, उच्चारण्यास अवघड असे नाव ऐकू आले, तर समजा, जोगवा मिळाला. मग नंदादीपात तेल घाला, आणि त्या परक्या लेकराच्या नावानेही देवीपुढे एक फूल वाहा.